रक्तातील कर्करोगचिन्हे आणि प्रकाशाची साक्ष

भौतिकशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा इलेक्ट्रॉनिक्स यांपैकी एखाद्या शाखेतील पदव्युत्तर अभ्यास पुरा करून संशोधनासाठी विषय शोधणाऱ्या आपल्याकडील तरुण-तरुणींपैकी कित्येकांचे मन अलीकडे ज्या एका विषयाकडे वारंवार ओढ घेते, तो म्हणजे रक्तातील कर्करोगाची चिन्हे कोणतेही रंगद्रव्य, विकर वा किरणोत्सारी खूण न जोडता केवळ प्रकाशाच्या साह्याने ओळखणारे जैवसंवेदक. ही ओढ स्वाभाविक आहे आणि स्तुत्यही आहे. कारण ज्या रोगाने घराघरांतून कर्ती माणसे नेली, त्याच्याशी झुंजताना आपल्या प्रकाशशास्त्राच्या ज्ञानाचा काही उपयोग व्हावा, यापरते मोठे समाधान विज्ञानाच्या विद्यार्थ्यास दुसरे कोणते लाभणार? परंतु या क्षेत्रात प्रसिद्ध होणाऱ्या निबंधांची रास एका बाजूस आणि रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत प्रत्यक्ष रुजू झालेली उपकरणे दुसऱ्या बाजूस ठेवून पाहिली, तर मन खिन्न झाल्यावाचून राहत नाही. या तफावतीची कारणे बहुतांशी प्रकाशशास्त्रात नसून रक्त, प्रतिपिंड आणि रुग्ण यांच्याविषयीच्या अपुऱ्या विचारात आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणूनच या कामास हात घालण्यापूर्वी कशाचा विचार करावा आणि काम चालू असता कोणते पथ्य पाळावे, याविषयी काही सूचना येथे मांडण्याचे योजिले आहे.

प्रथम मूळ कल्पना थोडक्यात पाहू. रक्तातील अत्यल्प प्रथिने मोजण्याची आधुनिक परंपरा रोझालिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांच्या किरणोत्सारी आयोडीनच्या पद्धतीपासून, म्हणजे १९५९-६०च्या सुमारास, सुरू झाली; यालो यांना त्यासाठी १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९७१ साली स्वीडनमध्ये एंग्वाल आणि पर्लमन यांनी किरणोत्सारी खुणेच्या जागी विकर योजून आज सर्वपरिचित असलेली एलायझा पद्धत सिद्ध केली. या सर्व पद्धतींत शोधावयाच्या रेणूचा मागोवा त्याला किंवा त्याच्या प्रतिपिंडाला जोडलेल्या खुणेवरून घ्यावा लागतो. खुणेवाचून काम करणारा प्रकाशीय संवेदक मात्र त्या रेणूच्या केवळ अस्तित्वाची दखल घेतो. कारण पाण्याची जागा प्रथिनाने घेतली की त्या ठिकाणचा अपवर्तनांक किंचित वाढतो, आणि पृष्ठभागालगत खेळणाऱ्या प्रकाशाला तो फरक जाणवतो.

या कुळातील सर्वांत प्रसिद्ध पद्धत म्हणजे पृष्ठीय प्लाझ्मॉन अनुस्पंदन, जिला प्रयोगशाळांतून सारेजण एसपीआर म्हणतात. काचेच्या लोलकावर सुमारे ५० नॅनोमीटर जाडीचा सोन्याचा थर चढवून त्यावर आतल्या बाजूने योग्य ध्रुवणाचा प्रकाश पाडला असता, एका विशिष्ट कोनात तो प्रकाश परावर्तित न होता सोन्यातील इलेक्ट्रॉनांच्या आंदोलनात खर्ची पडतो आणि परावर्तित प्रकाशात एक काळी दरी दिसते; सोन्याच्या पलीकडच्या बाजूस रेणू येऊन चिकटले की ही दरी थोडी सरकते. ओट्टो आणि क्रेत्श्मान या जर्मन शास्त्रज्ञांनी १९६८ साली अशा मांडण्या दाखविल्या, १९८३ साली लिडबर्ग, नायलँडर आणि लुंडस्ट्रॉम यांनी स्वीडनमधील लिंकोपिंग येथे तिचा प्रतिपिंड ओळखण्यासाठी उपयोग केला, आणि १९९०च्या सुमारास उप्साला येथून बियाकोर नावाचे यंत्र बाजारात आले. दुसरी मोठी शाखा सूक्ष्म वलयांची आहे. विजापूरच्या गोलघुमटात भिंतीशी तोंड नेऊन केलेली कुजबुज भिंतीच्या वळणाने फिरत पलीकडे उभ्या असलेल्या माणसाच्या कानी जशी स्वच्छ पडते, तसा सिलिकनच्या किंवा काचेच्या वर्तुळाकार कडेने प्रकाश पुनःपुन्हा फिरत राहतो आणि कडेला चिकटलेल्या रेणूंमुळे त्याच्या अनुस्पंदनाची तरंगलांबी बदलते. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१-२२च्या सुमारास लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलातील आणि विजापूरच्या याच घुमटातील ध्वनीचा हा प्रकार अभ्यासिला होता. यांखेरीज व्यतिकरणमापक आहेत, सोन्याच्या नॅनोकणांवर आधारलेल्या पद्धती आहेत, आणि मुंबईच्या आयआयटीत ज्यांवर चांगले काम झाले आहे ते इंग्रजी यू अक्षरासारखे वाकविलेले प्रकाशतंतूही आहेत. यांपैकी कोणती पद्धत निवडावी, हा प्रश्न विद्यार्थी बहुधा पहिल्याच दिवशी विचारतात. माझ्या मते तो शेवटी विचारावयाचा प्रश्न आहे.

पहिला प्रश्न असा की, कोणत्या रुग्णासंबंधी, रोगाच्या कोणत्या टप्प्यावर, डॉक्टरांस कोणता निर्णय घ्यावयाचा आहे, आणि आपल्या मापनाने त्या निर्णयात काय फरक पडणार आहे? 'कर्करोग लवकर ओळखणे' हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे. निरोगी दिसणाऱ्या जनसमूहातून रोगी हुडकणे, लक्षणे असलेल्या माणसाचे निदान पक्के करणे, आणि उपचार झालेल्या रुग्णात रोग परतला काय हे पाहणे, ही तीन कामे एकमेकांपासून इतकी भिन्न आहेत की, एका कामास उत्तम ठरलेले चिन्ह दुसऱ्या कामास निरुपयोगी, प्रसंगी अपायकारकही ठरते.

सीए-१२५चे उदाहरण घ्या. १९८१ साली रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्याचा शोध लावला ते हे प्रथिन अंडाशयाच्या कर्करोगात वाढते, आणि मिलिलीटरमागे ३५ एकक ही त्याची रूढ मर्यादा आहे. परंतु ते मासिक पाळीच्या काळात वाढते, गरोदरपणी वाढते, एंडोमेट्रिओसिसमध्ये वाढते, आणि आपल्या देशाच्या दृष्टीने विशेष ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, पोटाच्या क्षयरोगातही ते पुष्कळच वाढते. आता हिशेब करून पाहा. समजा, उतारवयातील १ लाख स्त्रियांपैकी ४० जणींना हा रोग आहे, आणि आपली चाचणी रोग असलेल्या शंभरांपैकी ८० जणींस बरोबर ओळखते व रोग नसलेल्या शंभरांपैकी ९९ जणींस बरोबर वगळते. निबंधात छापावयास हे आकडे फार भूषणावह आहेत. तरीही चाचणीने ज्यांच्यावर बोट ठेवले अशा स्त्रियांत ३२ खरोखर रोगी असतील आणि सुमारे १,००० निरोगी असतील. त्या हजार जणींच्या वाट्यास सोनोग्राफी, रात्रीची झोप उडविणारी काळजी, आणि काहींच्या वाट्यास अनावश्यक शस्त्रक्रियाही येईल. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर सीए-१२५ आणि सोनोग्राफी यांचा जो प्रदीर्घ प्रयोग झाला, त्याचा अखेरचा निष्कर्ष २०२१ साली जाहीर झाला आणि या तपासण्यांमुळे मृत्यू घटल्याचे त्यात आढळले नाही. तेथे वापरलेली मोजमापाची यंत्रे मुळीच मंद नव्हती. उणेपणा त्या चिन्हाच्या स्वभावात आणि रोगाच्या गतीत होता, आणि आपला संवेदक हजारपट तीक्ष्ण केल्याने तो भरून निघणार नव्हता.

म्हणून नव्या संशोधकास माझी शिफारस अशी की, त्याने आरंभ देखरेखीच्या कामापासून करावा. प्रोस्टेट ग्रंथी शस्त्रक्रियेने काढून टाकलेल्या पुरुषाच्या रक्तात पीएसए जवळजवळ असू नये. ते मिलिलीटरमागे ०.२ नॅनोग्रॅमपर्यंत चढले आणि दुसऱ्या तपासणीतही तसेच आढळले, की रोग परतल्याची शंका डॉक्टर घेतात. येथे अत्यल्प प्रमाण अचूक मोजण्यास खरा अर्थ आहे. १९६५ साली माँट्रियलच्या गोल्ड आणि फ्रीडमन यांनी शोधलेले सीईए हे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर पुनःपुन्हा मोजले जाते. धूम्रपान करणाऱ्यांत ते मुळातच थोडे अधिक असते, परंतु त्याच माणसाचे आधीचे आकडे हाताशी असल्याने तो अडथळा बराच कमी होतो. ज्या मापनात रुग्णाच्या आजच्या रक्ताची तुलना त्याच्याच कालच्या रक्ताशी होते, ते मापन निरोगी-रोगी असा एकदम फैसला करणाऱ्या मापनापेक्षा कितीतरी सुरक्षित असते. सीए १९-९ निवडणाऱ्याने एवढे ध्यानी ठेवावे की, काही माणसांच्या रक्तगटाची ठेवण अशी असते की त्यांच्या शरीरात हे चिन्ह तयारच होत नाही, मग स्वादुपिंडाचा कर्करोग कितीही वाढलेला असो.

चिन्ह ठरले की कागद-पेन्सिल घेऊन बसावे. हा सल्ला मी अत्यंत आग्रहाने देतो, कारण दोन तासांची आकडेमोड दोन वर्षांचे निष्फळ श्रम वाचविते, आणि ती करणारे विद्यार्थी मला फार थोडे आढळले आहेत. मिलिलीटरमागे ४ नॅनोग्रॅम पीएसए, म्हणजे त्या प्रथिनाचा रेणुभार ३०,००० धरल्यास साधारण ०.१३ नॅनोमोलर. आपल्या प्रतिपिंडाचा वियोजन-स्थिरांक १ नॅनोमोलर आहे, जो वाईट खासच नव्हे, असे समजू. तर कितीही वेळ थांबलो तरी पृष्ठभागावरील शंभर जागांपैकी सुमारे साडेअकरा जागाच भरतील. आणि किती वेळ थांबावे लागेल? बंधनाचा वेग मोलर-सेकंदामागे १ लाख असा सर्वसाधारण धरला, तर समतोलाकडे जाण्याचा कालस्थिरांक जवळजवळ अडीच तासांचा येतो. आता पृष्ठभागावर १,५०० एकक प्रतिपिंड बसविले आहे असे धरा. एसपीआरच्या परिभाषेतील एक एकक म्हणजे चौरस मिलिमीटरवर साधारण एक पिकोग्रॅम प्रथिन. प्रत्येक प्रतिपिंडाच्या दोन्ही भुजा कार्यक्षम मानल्या तरी भरतीची कमाल मर्यादा ६०० एककांची, समतोलाला ६९ एककांची, आणि पाच मिनिटे नमुना वाहविल्यावर हाती येणारा संकेत जेमतेम सव्वादोन एककांचा होतो. प्रत्यक्षात निम्मे प्रतिपिंड आडवेतिडवे बसून निकामी होतात, म्हणजे एकच एकक.

ही संख्या मनात ठेवून पुढचा हिशेब वाचावा. पाण्याचा अपवर्तनांक खोलीच्या तापमानाला अंशामागे साधारण दहा-हजारांश इतका बदलतो, आणि यंत्रावरील एक एकक दशलक्षांश बदलाएवढे असते. अर्थात तापमान एका अंशाने हलले की रेषा शंभर एककांनी ढळते, आणि अंशाच्या पन्नासाव्या हिश्शाने हलले तरी दोन एककांनी. ज्या संकेतासाठी आपण झटतो आहोत, तो संपूर्ण गिळून टाकण्यास खोलीचे दार उघडून कोणी आत येणे पुरेसे आहे. म्हणून तापमाननियंत्रणावर होणारा खर्च हा चैनीचा खर्च मानू नये. वीजपुरवठा खंडित होण्याचा जेथे नेम नाही अशा ठिकाणी तर तो सर्वांत आधी मंजूर करून घ्यावा.

आता रक्ताकडे वळू. आणि येथे मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. बहुतेक प्रयोग बफरमध्ये, म्हणजे स्वच्छ क्षारद्रावणात, शुद्ध प्रथिन मिसळून होतात, आणि तेथे ते उत्तम साधतात. परंतु सीरममध्ये मिलिलीटरमागे एकट्या अल्ब्युमिनचेच प्रमाण ३५ ते ५० मिलिग्रॅम असते. ४ नॅनोग्रॅम पीएसएच्या तुलनेत ते सुमारे एक कोटी पट भरते. खुणेच्या पद्धतीत या कोट्यवधी परक्या रेणूंकडे दुर्लक्ष करता येते, कारण त्यांच्यावर खूण नसते. खुणेवाचूनच्या पद्धतीस ती मुभा नाही. तिच्या लेखी पृष्ठभागावर येऊन बसणारा प्रत्येक रेणू सारखाच.

प्रवाहकक्षात प्रथमच सीरम सोडले असता पडद्यावर काय दिसते, ते नव्या माणसाने बारकाईने पाहावे. बफर वाहत असता सपाट असलेली रेषा सीरमचा नमुना येऊन पोचताच उभ्या भिंतीसारखी उडते. नमुना विरळ केलेला नसल्यास ही उडी दहा हजार एककांहूनही मोठी असते, आणि तिचा आपल्या चिन्हाशी काहीएक संबंध नसतो, ती निव्वळ द्रवाच्या वाढलेल्या अपवर्तनांकाची असते. त्या उंचीवर गेल्यावर रेषा सपाट राहत नाही, सावकाश चढत जाते. हा चढ पाहून विद्यार्थी हर्षभरित होतो, परंतु ते बहुतांशी अल्ब्युमिन, प्रतिपिंडे आणि पूरक प्रथिने यांचे पृष्ठभागावर साचणे असते. मग पुन्हा बफर येतो, रेषा कोसळते, आणि पूर्वीच्या पातळीपेक्षा थोडी वर स्थिरावते. उघड्या सोन्यावर हा 'थोडी वर'चा फरक हजार-दोन हजार एककांच्या घरात जातो. त्यात आपले एक-दोन एकक कोठे आहेत, हे ओळखावयाचे, आणि पुराव्यानिशी ओळखावयाचे, हे या विद्येतील खरे कर्तृत्व होय.

यावर तीन उपाय आहेत, आणि तिन्ही एकत्र करावे लागतात. पहिला, पृष्ठभागाला असे आवरण देणे की ज्यावर प्रथिने सहसा चिकटत नाहीत: पॉलिएथिलीन ग्लायकॉलचे थर, कार्बोक्सिमिथाइल डेक्स्ट्रान, आणि यांहून सरस ठरलेले, धन व ऋण दोन्ही प्रभार धारण करणाऱ्या बहुवारिकांचे केसाळ थर. दुसरा, शेजारी एक संदर्भमार्गिका ठेवणे. तिच्यावर नुसते रिकामे आवरण ठेवून भागत नाही. तिच्यावर त्याच प्रकारचे, तितक्याच प्रमाणात, परंतु ज्याचा रक्तातील कशाशीही संबंध नाही असे प्रतिपिंड बसवावे, म्हणजे परक्या प्रथिनांचे वर्तन दोन्हीकडे शक्य तितके समान राहते आणि वजाबाकीस काही अर्थ उरतो. तिसरा उपाय विरलीकरणाचा. तो सोपा दिसतो म्हणून लोकप्रिय आहे. परंतु दहापट विरळ केलेल्या सीरममध्ये आपले चिन्हही दहापट विरळ झालेले असते, याचा विसर पडू देऊ नये. याखेरीज काही रुग्णांच्या रक्तात उंदराच्या प्रतिपिंडांना चिकटणारी स्वतःची प्रतिपिंडे असतात, संधिवाताच्या रुग्णांत ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर असतो. आपल्या पृष्ठभागावर उंदराचेच प्रतिपिंड असेल तर असा रुग्ण कर्करोग नसता कर्करोगी ठरू शकतो. अशा रुग्णांचे नमुने मुद्दाम मागवून घ्यावे आणि संवेदकाची त्यांवर परीक्षा घ्यावी.

नमुन्यांविषयी आणखी काही. सीरम आणि प्लाझ्मा यांत गल्लत करू नये. प्लाझ्मात फायब्रिनोजेन असते आणि ते पृष्ठभागांना चिकटण्यात मोठे चिवट. ईडीटीए, सायट्रेट की हेपारिन, कोणत्या नळीत रक्त घेतले, किती वेळाने ते फिरविले, किती वेळा गोठवून वितळविले, याची नोंद प्रत्येक नमुन्यागणिक दप्तरी असावी. तांबडा झालेला, म्हणजे रक्तपेशी फुटलेला, नमुना प्रकाशीय मापनास विशेष घातक. त्यातील हिमोग्लोबिन प्रकाश शोषते आणि पृष्ठभागासही चिकटते. हे सारे कारकुनी काम वाटेल. परंतु २००२ साली 'लॅन्सेट' या नामांकित नियतकालिकात वस्तुमान-वर्णपटाच्या साह्याने रक्तातून अंडाशयाचा कर्करोग जवळजवळ निरपवाद ओळखता येतो, असा निबंध प्रसिद्ध होऊन मोठी खळबळ उडाली असता, पुढे संख्याशास्त्रज्ञांनी त्याची जाहीर झालेली आकडेवारी पुन्हा तपासली आणि दिसणारा फरक रोगाचा नसून नमुने हाताळण्याच्या व मोजण्याच्या क्रमातून उद्भवला असावा, असा साधार आक्षेप घेतला. रोग्यांचे नमुने सोमवारी आणि निरोग्यांचे मंगळवारी मोजले, तर यंत्र सोमवार आणि मंगळवार यांतील भेद बिनचूक सांगेल. म्हणून नमुने सरमिसळ करावे, आणि कोणता कोणाचा हे मोजणाऱ्यास निकाल नोंदवून होईपर्यंत कळू देऊ नये.

रुग्णाची लेखी संमती आणि संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी घेतल्यावाचून एक थेंबही वापरू नये, हे सांगावयास नकोच. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे मुळातून वाचावी. परिषदेचा हा दस्तऐवज लांबलचक आहे, परंतु त्यातील नमुन्यांच्या साठवणुकीचे आणि पुढील वापराचे प्रकरण या विषयातल्या विद्यार्थ्यास फार उपयोगी पडेल.

मापनाच्या तळाची मर्यादा सांगताना एक प्रमाद सर्रास घडतो. कोऱ्या बफरच्या गोंधळाची तिप्पट घेऊन तिला 'शोधमर्यादा' म्हणून जाहीर केले जाते. आणि ती कधीकधी अशा सांद्रतेची निघते की, तितके विरळ रेणू सूक्ष्म पृष्ठभागापर्यंत विसरणाने पोचण्यास कित्येक तास, क्वचित दिवसही लागावे. योग्य रीत अशी: ज्यात चिन्ह नाही किंवा नगण्य आहे अशा अनेक माणसांचे सीरम मोजून कोऱ्या नमुन्याची वरची सीमा ठरवावी, म्हणजे सरासरीत प्रमाण-विचलनाची १.६४५ पट मिळवावी. मग अत्यल्प चिन्ह असलेले नमुने निरनिराळ्या दिवशी, निरनिराळ्या चकत्यांवर मोजून, त्यांच्या विचलनाची तितकीच पट त्या सीमेत मिळवावी. असे केल्यावर मर्यादा दहापट किंवा शंभरपट वाईट निघेल. निघू द्यावी. ती खरी असेल, आणि पुढच्या संशोधकास तिच्यावर भिस्त ठेवून काम करता येईल. त्याचप्रमाणे रुग्णालयातील यंत्राशी आपल्या यंत्राची तुलना करताना केवळ सहसंबंधाचा गुणांक ०.९८ आला म्हणून समाधान मानू नये. प्रत्येक रुग्णाच्या दोन मापनांतील फरक त्यांच्या सरासरीसमोर मांडावा, ही ब्लँड आणि आल्टमन यांनी १९८६ साली दाखविलेली रीत. दोन यंत्रे एकमेकांशी उत्तम सहसंबंध राखूनही एक सतत दुप्पट सांगत असू शकते.

येथे एक प्रश्न वाचकाच्या मनात येणे रास्त आहे: रुग्णालयांतील रसायनप्रदीप्तीची यंत्रे पीएसए आणि सीईए अचूक मोजत असता खुणेवाचूनच्या संवेदकाची गरजच काय? माझे उत्तर असे की, एकाच चिन्हाच्या एकाच आकड्यासाठी ती गरज फारशी नाही, आणि केवळ तेवढ्यासाठी प्रबंध लिहू नये. त्याचे बळ अन्यत्र आहे. बंधन होत असतानाच ते क्षणोक्षणी दिसते, त्यामुळे उत्तम प्रतिपिंड निवडण्याचे काम त्याच्याइतके दुसरे कोणी करीत नाही; जगभरच्या औषधसंशोधनात एसपीआर स्थिरावले ते याच बळावर. एका चकतीवर अनेक वलये किंवा अनेक बिंदू ठेवून अनेक चिन्हे एकाच थेंबात पाहता येतात. आणि मला सर्वांत आशादायी वाटणारी दिशा म्हणजे पेशींतून बाहेर पडणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांची, एक्झोसोमांची. त्यांचा व्यास साधारण ३० ते १५० नॅनोमीटर असतो, आणि सोन्यातील सूक्ष्म छिद्रांच्या जाळीभोवतीचे प्रकाशक्षेत्र नेमके तेवढेच खोल राखता येते. एकुलत्या प्रथिनापेक्षा अशी पिशवी संकेतही ठळक देते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील संशोधकांनी २०१४ साली अशाच जाळीवर अंडाशयाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या पोटातील पाण्यामधून या पिशव्या वेगळ्या ओळखून दाखविल्या. हे काम मुळातून वाचावे, आणि त्यात पृष्ठभागाच्या रचनेला दिलेला वेळ किती, हे विशेष पाहावे.

संकेत अपुरा पडला म्हणून शेवटी दुसरे प्रतिपिंड किंवा सोन्याचा नॅनोकण जोडून तो वाढविण्यास माझी हरकत नाही. तसे केल्याने विशिष्टताही सुधारते. मात्र मग ती पद्धत खुणेवाचूनची राहिली नाही, हे शीर्षकातच मान्य करावे.

उपकरण सिद्ध झाले तरी ते रुग्णांसाठी वापरण्यास आणण्यापूर्वी २०१७च्या वैद्यकीय उपकरण नियमांनुसार परवाना लागतो, आणि तो मिळविण्याची वाट लांब असते. त्या वाटेवर असताना वृत्तपत्राचा प्रतिनिधी दाराशी येईल. एका थेंबात कर्करोग ओळखणारे यंत्र आपल्याच विद्यापीठात तयार झाले, अशी बातमी त्याला हवी असेल. त्याला आपण एवढेच सांगावे की, किती रुग्णांच्या रक्तावर हे तपासले, त्यांत लक्षणे नसलेली माणसे किती होती, आणि चुकीचे निकाल किती आले. कारण दुसऱ्या दिवशी ती बातमी वाचून कोणी आपल्या आईच्या स्तनातील गाठीची बायोप्सी पुढे ढकलील, आणि तो उशीर कोणत्याही निबंधाने भरून येणार नाही. ज्यांच्या घरी असा प्रसंग आहे, त्या वाचकांसही हात जोडून विनंती आहे की, डॉक्टरांनी सांगितलेली तपासणी नव्या यंत्राच्या आशेवर थांबवू नये.

विद्यार्थ्यांस शेवटची विनंती अशी की, सोन्याची चकती मागविण्यापूर्वी, लेसर जुळविण्यापूर्वी, आपल्या शहरातील एखाद्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत परवानगीने काही दिवस बसून यावे. मुंबईच्या परळला १९४१ साली स्थापन झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयापासून जिल्ह्याच्या ठिकाणच्या शासकीय रुग्णालयापर्यंत कोठेही. पॅथॉलॉजिस्टांस विचारावे की, कोणत्या आकड्याने त्यांना अलीकडे गोंधळात टाकले आणि कोणता आकडा वेळेवर मिळाला असता तर त्यांचा निर्णय बदलला असता. ते जे उत्तर देतील, त्यातून आपला विषय निवडावा.